केळीचे चित्र कसे वाचावे?

सातवीत असताना मी चित्रकलेच्या वहीत केळीचा घड काढला होता. आमचे गाव रावेर तालुक्यातले. शाळेच्या कुंपणापलीकडे बसराई केळीची बाग होती. कडेच्या एका झाडाचे केळफूल कोणी मोडले नव्हते, त्यामुळे घडाखालचा दांडा हातभर लांब वाढला होता. त्या दांड्यावर वाळलेली फुले आणि तपकिरी पडलेल्या पात्या झुबक्यांनी चिकटून होत्या. मला तो दांडाच जास्त आवडला. घड झटपट उरकून मी सगळा तास त्या वाळक्या फुलांवर घालवला. गुरुजींनी वही पाहिली, घडाला 'छान' म्हटले आणि दांड्याभोवती लाल शाईने गोल करून लिहिले, 'हा कचरा काढून टाक. पुस्तकातले चित्र पाहा.' मी रबराने दांडा स्वच्छ केला. दहापैकी आठ गुण मिळाले.

पुढे वनस्पतिशास्त्रात संशोधन करू लागले तेव्हा केळीचे वाण ओळखण्याच्या खुणा अभ्यासाव्या लागल्या. त्यात एके ठिकाणी वाचले की ड्वॉर्फ कॅव्हेंडिश हा वाण त्याच्या जवळच्या भावंडांपासून ओळखण्याची एक ठळक खूण म्हणजे घडाखालच्या दांड्यावर टिकून राहणारी नरफुले आणि सहपत्रे. आपली बसराई म्हणजे हीच ड्वॉर्फ कॅव्हेंडिश. मी रबराने पुसली ती आमच्या गावच्या केळीची ओळख होती.

गुरुजींना दोष देण्यासाठी ही आठवण सांगत नाही. चित्र नीटनेटके असावे असे त्यांना वाटले, आणि छापील पुस्तक त्यांच्या बाजूने होते. परंतु वनस्पतीचे चित्र चांगले की वाईट हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. या लेखात केळीच्या काही प्रसिद्ध चित्रांचे परीक्षण त्या दृष्टीने करावयाचे आहे. केळीच घेण्याचे कारण उघड आहे. जळगाव जिल्ह्यातल्या शिक्षकाला ती शोधत फिरावे लागत नाही, आणि केळीची वंशावळ उलगडण्याच्या कामात चित्रात दिसणाऱ्या बारीकसारीक गोष्टींनी जेवढे साहाय्य केले तेवढे क्वचितच दुसऱ्या पिकाच्या बाबतीत घडले असेल.

जळगावहून अजिंठा साठएक किलोमीटरवर आहे. तेथल्या भित्तिचित्रांत आंबा, सुपारी, कमळ यांच्याबरोबर केळीही दिसते. ती ओळखायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. रुंद पानांचा डौल पाहताच कळते. अजिंठ्याच्या चित्रकाराला केळ ही जागा दाखवण्यासाठी हवी आहे: हे उद्यान आहे, येथे सावली आहे. त्याची केळ खरीच आहे, पण ती कोणती केळ हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नाही. वनस्पतिचित्रकाराला नेमका हाच प्रश्न विचारलेला असतो. म्हणून तो झाडाला बागेतून उचलतो, पांढऱ्या कागदावर एकटे ठेवतो आणि फुलाचे भाग सुटे करून शेजारी मांडतो. या पद्धतीत बरेच मिळते आणि काही हरवते. दोन्ही बाजू केळीच्या चित्रांत स्पष्ट दिसतात.

भारतातल्या केळीची पहिली महत्त्वाची छापील चित्रे 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आहेत. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. मराठी वाचकाला यातली एक गोष्ट जवळची वाटेल. या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र ग्रंथात छापले आहे. केळीचे नाव तेथे 'बाला' असे आले आहे. मल्याळममधील 'वाळ' या शब्दाचे ते युरोपीय कानांनी ऐकलेले रूप.

या ग्रंथात केळीला एक चित्र पुरले नाही. संपूर्ण झाड, फुलोरा आणि फळे यांसाठी वेगवेगळे ताम्रपट कोरले गेले. माझ्या मते या चित्रांचा मोठा गुण हाच आहे. केळीचे झाड कागदावर दाबून वाळवता येत नाही. पान माणसापेक्षा लांब, खांब पाण्याने भरलेला, फुलोरा मनगटाएवढा जाड. वनस्पतिसंग्रहालयातल्या टीचभर कागदावर यातले काय बसणार? इतर झाडांच्या बाबतीत चित्र हे वाळवलेल्या नमुन्याचे पूरक असते. केळीच्या बाबतीत शतकानुशतके चित्र हाच नमुना होता. वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमही जुन्या नावांसाठी चित्राला नमुन्याचा दर्जा देण्यास मुभा देतात, ती काही केवळ सौजन्य म्हणून नव्हे.

ऱ्हीडचा ग्रंथ वाचणाऱ्यांत कार्ल लिनियस होता. हॉलंडमध्ये हार्टेकांप येथे जॉर्ज क्लिफर्ड या श्रीमंत गृहस्थाच्या बागेत, काचघरात वाढवलेली केळ १७३६ च्या आरंभी निसवली. ती निसवावी म्हणून लिनियसने पाणी तोडून झाड कोरडे ठेवले आणि मग मोसमी पावसासारखे भरपूर पाणी दिले, असे सांगतात. आपल्याकडच्या बागायतदाराला त्याचे हसू येईल, पण त्या थंड देशात केळ निसवणे हा चमत्कारच होता. लिनियसने त्याच वर्षी 'मुसा क्लिफोर्टियाना' नावाचे संपूर्ण पुस्तक या एका झाडावर लिहिले, त्यात कोरीव चित्रे दिली. पुढे १७५३ मध्ये 'मुसा पॅराडिसियाका' हे नाव देताना त्याने याच पुस्तकाचा आणि ऱ्हीडच्या चित्रांचा आधार दाखवला. स्वर्गातले ते निषिद्ध फळ म्हणजे केळेच असावे, या कल्पनेवरून हे नाव आले. १७५९ मध्ये त्याने 'मुसा सेपियंटम' ही दुसरी जाती सांगितली. मराठी पाठ्यपुस्तकांतून ही दोन्ही नावे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. मीही केली आहेत.

आता अडचण अशी की या दोन्ही जाती निसर्गात नाहीत. लिनियसने काळजीपूर्वक पाहिले, कोरीव काम करणाऱ्यानेही प्रामाणिकपणे कोरले, आणि तरीही जे नाव मिळाले ते रानात कोठेही न आढळणाऱ्या झाडाचे. ही चूक कोणाची? चित्राची नव्हे. चूक त्या समजुतीची, की नीट काढलेले एक झाड म्हणजे एक जाती. लिनियसच्या काळी जाती स्थिर मानल्या जात, त्यामुळे एका उत्तम प्रतिनिधीचे चित्र पुरेसे वाटे. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आल्यावर या विचाराचा पायाच हलला. जाती म्हणजे एक झाड नव्हे, एकमेकांत संकर करणाऱ्या आणि एकमेकांपासून थोड्याफार भिन्न असणाऱ्या झाडांचा समूह, असे दिसू लागले. ज्या भिन्नतेला चित्रकार दोष समजून गाळत होता तीच उत्क्रांतीचे भांडवल ठरली.

केळीचा खरा उलगडा व्हायला मात्र १९४७-४८ साल उजाडले. त्रिनिदाद येथे काम करणाऱ्या चीझमन या शास्त्रज्ञाने दाखवले की आपण खातो त्या बहुतेक केळी 'मुसा अक्युमिनाटा' आणि 'मुसा बाल्बिसियाना' या दोन रानटी, बियांनी भरलेल्या जातींपासून आल्या आहेत. काही केवळ पहिलीपासून, काही दोघींच्या संकरातून. गंमत म्हणजे या दोन रानटी जातींना कोला या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२० मध्येच नावे दिली होती. आईबापांची नावे सव्वाशे वर्षे वहीत होती, पण लेकरांशी त्यांचे नाते कोणी जोडले नव्हते.

कोणत्या वाणात कोणाचा किती अंश, हे ठरवण्याची रीत सिमंड्स आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये दिली. ही रीत शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे, कारण तिला सूक्ष्मदर्शकही लागत नाही. त्यांनी पंधरा लक्षणे निवडली. प्रत्येक लक्षण अक्युमिनाटासारखे असेल तर १ गुण, बाल्बिसियानासारखे असेल तर ५, मधले असेल तर मधले गुण. सर्व लक्षणे अक्युमिनाटाची असतील तर बेरीज १५, सर्व बाल्बिसियानाची असतील तर ७५. बसराईसारख्या वाणाची बेरीज पंधराच्या आसपास येते, संकर वाण मध्ये कोठेतरी बसतात. ही बेरीज आणि गुणसूत्रांची संख्या एकत्र पाहून वाणाचे सूत्र लिहितात. रानटी केळीत गुणसूत्रे २२. बसराईत ३३, म्हणजे अकराचे तीन संच, आणि तिन्ही अक्युमिनाटाचे. म्हणून बसराई 'एएए'. वसई-कोकणातली राजेळी 'एएबी', सफेद वेलची 'एबी'. तीन संच दोन पेशींत सारखे वाटता येत नाहीत, त्यामुळे बसराईत बी धरत नाही. परागण न होताच फळात गर भरण्याचा गुण वेगळा, आणि तो आधीपासून होता. दोन्ही गुण एकत्र आल्यावर माणसाला हवे तसे फळ मिळाले.

आता ती पंधरा लक्षणे पाहा. खांबावर काळे-तपकिरी डाग आहेत की तो स्वच्छ आहे. पानाच्या देठावरची पन्हळ वर उघडी आहे, की तिच्या कडा आत वळून तिला झाकतात. केळफुलाची पाती, म्हणजे सहपत्र, उघडल्यावर मागे गुंडाळले जाते, की नुसतेच उचलले जाते. त्याचे टोक अणकुचीदार की बोथट. आतल्या बाजूचा रंग बुडाकडे फिकट होत जातो, की बुडापर्यंत तसाच किरमिजी राहतो. नरफुलाच्या सुट्या पाकळीवर टोकाखाली सुरकुती आहे का. कुक्षीचा रंग नारिंगी-पिवळा की साईसारखा. बीजकोशाच्या प्रत्येक कप्प्यात बीजांडांच्या दोन सरळ ओळी, की चार वेड्यावाकड्या. ही यादी वाचताना मला पहिल्यांदा काय वाटले असेल? ही शास्त्रज्ञाने केलेली यादी नसून चित्रकाराला दिलेल्या सूचना आहेत असेच वाटले. केळीची उत्क्रांती ज्या लक्षणांतून वाचली गेली, त्यांतले जवळजवळ प्रत्येक लक्षण चांगल्या चित्रकाराच्या नजरेच्या आणि कुंचल्याच्या आवाक्यातले आहे.

येथे माझी कसोटी सांगते. चित्र काढणाऱ्याला माहीत नसलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रातून किती मिळते, यावर मी वनस्पतिचित्राची किंमत करते. १६७८ च्या चित्रकाराला संकर ठाऊक नव्हता, गुणसूत्र हा शब्दच जन्मायचा होता. तरी त्याने सहपत्राचे टोक जसे होते तसे काढले असेल, तर आज त्याला प्रश्न विचारता येतो. टोक सुबक दिसावे म्हणून बदलले असेल तर तो साक्षीदार कायमचा गेला.

या कसोटीवर ऱ्हीड आणि लिनियस यांच्या चित्रांना एक मोठी मर्यादा पडते. दोन्ही ताम्रपटावरून छापलेली काळी-पांढरी चित्रे आहेत. पंधरापैकी पाच लक्षणे रंगाची आहेत. त्यांची उत्तरे शाईच्या रेषेत सापडत नाहीत. उरलेल्या दहांपैकीही काहींसाठी फळ किंवा देठ कापून दाखवावा लागतो. या उणिवेबद्दल त्या चित्रकारांना बोल लावणे बरोबर होणार नाही, पण पूजनीय जुना ग्रंथ म्हणून मर्यादा झाकण्याचेही कारण नाही.

रंगाच्या बाबतीत मारिया सिबिला मेरियन हिचे काम वेगळे आहे. ही जर्मन चित्रकर्ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ मध्ये, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. दोन वर्षे तेथे राहून तिने कीटकांची स्थित्यंतरे पाहिली आणि १७०५ मध्ये ॲमस्टरडॅमला आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या बाराव्या चित्रात केळफूल आहे: लाल-जांभळी सहपत्रे, त्यांच्याखाली फुलांच्या ओळी, आणि सोबत एक सुरवंट व त्याचा पतंग. रंगवलेली प्रत पाहिली की डोळे निवतात. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर नियमाने पाहिले तर हे शुद्ध वनस्पतिचित्र नाही, कारण झाड येथे एकटे नाही. मला मात्र येथेच मेरियन इतरांच्या पुढे गेलेली दिसते. झाडाला कोणी खाते, कोणी त्याच्याकडे मधासाठी येते, आणि या देण्याघेण्यातूनच त्याचे फूल असे घडले आहे, ही जाणीव पांढऱ्या कागदावरच्या एकट्या झाडातून येत नाही. रानटी अक्युमिनाटाचे लोंबते केळफूल रात्री वटवाघळे परागित करतात. बसराईला परागणाची काहीच गरज उरलेली नाही, तरी केळफुलात मध साठतो आणि आमच्या बागांत शिंजीर पक्षी अजून त्यासाठी येतात. गरज संपल्यावरही टिकून राहिलेली ही सवय म्हणजे रानातल्या पूर्वजाची खूणच. ती मेरियनच्या पद्धतीने काढली तरच चित्रात येईल.

तिच्या चित्रात आणखी एक गोष्ट आहे, जी तिच्या हेतूत नव्हती. सुरिनामची केळ तेथली नव्हेच. केळीची लागवड न्यू गिनीच्या डोंगरात जवळजवळ सात हजार वर्षांपूर्वी होत होती याचे पुरावे कुक येथील उत्खननात मिळाले आहेत. तेथून आशिया, आफ्रिका आणि मग अटलांटिक ओलांडून अमेरिका असा तिचा प्रवास झाला, आणि तोही बियांनी नव्हे, माणसाच्या हातून गेलेल्या कंदांनी.

अशाच एका प्रवासाचा आपल्या बसराईशी संबंध आहे. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात, मॉरिशसहून आलेली एक बुटकी केळ १८३५ मध्ये निसवली. ड्यूकचे घराणे कॅव्हेंडिश. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३७ मध्ये आपल्या मासिकात 'मुसा कॅव्हेंडिशाय' असे नाव देऊन तिचे सचित्र वर्णन छापले. पॅक्स्टनला केळीचा नाद लागला तो त्या महालातल्या चिनी भिंतकागदावरचे केळीचे चित्र पाहून, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, आख्यायिका गोड आहे. महत्त्वाचे हे की हे नावही जाती म्हणून टिकले नाही. पण चॅट्सवर्थचे झाड आणि रावेर-यावलच्या बसराईचे बाग ही एकाच वाणाची रोपे, मुनव्याला मुनवा लागून पसरलेली. त्या माळ्याने ज्या झाडाचे चित्र छापले, त्याच झाडाचे तुकडे आम्ही लावत आलो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आता मघाच्या आक्षेपाकडे परत येऊ. पाच-दहा झाडे पाहून त्यांतून एक 'नमुनेदार' झाड कागदावर रचणे ही वनस्पतिचित्रकाराची जुनी युक्ती आहे. रानातल्या जातीवर तिने अन्याय होतो, कारण तेथे प्रत्येक झाड वेगळे असते आणि नमुनेदार झाड प्रत्यक्षात कोठेच उभे नसते. बसराईच्या किंवा आजच्या ग्रँड नैनच्या बाबतीत मात्र ही युक्ती तंतोतंत लागू पडते. एका झाडाचे चित्र म्हणजे खरोखर लाखो झाडांचे चित्र. ऊतिसंवर्धनाच्या रोपांमुळे हा सारखेपणा आणखी पक्का झाला आहे. अशा बागेत एखादा रोग शिरला तर त्याला कोणत्याही झाडात नवा अडथळा भेटत नाही. १९५० च्या दशकात ग्रो मिशेल हा जगाच्या बाजारातला वाण पनामा मर रोगाने हटवला आणि त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो भारतात आढळलेला आहे. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात, लहान बागा पिवळ्या पट्ट्यांनी भरल्या आणि अनेकांना रोपे उपटून फेकावी लागली. त्या वेळी गावी गेले असता पानापानावर तेच पट्टे पाहिले. एक पान काढले असते तर सगळ्या शिवाराचे चित्र झाले असते.

म्हणजे सारखेपणातही काही बदलत नाही असे नव्हे. एखाद्या मुनव्यात अचानक बदल होतो, खांब उंच होतो किंवा बुटका राहतो, आणि शेतकऱ्याच्या नजरेला तो पसंत पडला तर वेगळा वाण म्हणून वाढतो. कॅव्हेंडिशच्या घरातली उंच-बुटकी भावंडे अशीच झाली आहेत. येथे निवड करणारा निसर्ग नसून शेतकऱ्याचा डोळा आहे. तो डोळा आणि चित्रकाराचा डोळा यांत फार अंतर नाही.

महाराष्ट्रातल्या वनस्पतिचित्रांविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती उद्यान होते. त्याचा प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत आणि २००२ मध्ये हेन्री नोल्टी यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गिब्सनचे नाव राहिले, झाडांची नावे राहिली; चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. रॉक्सबर्गने कोरोमांडेल किनाऱ्यावर आणि कलकत्त्याला अडीच हजारांहून अधिक चित्रे भारतीय चित्रकारांकडून करवून घेतली, तेथेही हीच कथा. ज्यांच्या नजरेवर शास्त्राने इतका भरवसा टाकला ते हात निनावी राहिले याची खंत वाटते.

रॉक्सबर्गच्या चित्रांपैकी एक आपल्या रानकेळीचे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर फुगीर बुंध्याची जी केळ उगवते तिला त्याने 'मुसा सुपर्बा' म्हटले. ती दिसते केळीसारखी, पण तिला मुनवे फुटत नाहीत. एकदा फळून मरते आणि मोठ्या काळ्या बियांतूनच पुन्हा उगवते. चीझमनने तिला केळीच्या प्रजातीतून बाहेर काढून 'एन्सेट' या प्रजातीत बसवले. तिच्या गुणसूत्रांचा संच नऊचा, केळीचा अकराचा. चित्रकाराच्या दृष्टीने यातला धडा असा की 'मुनवे नाहीत' ही गोष्ट दाखवायची तर झाड जमिनीपर्यंत काढावे लागते. आपल्या पुस्तकांतली बहुतेक केळ कमरेपासून वरच असते.

पुस्तकांतल्या आकृत्यांवर माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. तिथले केळफूल कमळाच्या कळीसारखे टोकदार आणि घट्ट मिटलेले. त्यातून निघणारे बाण 'सहपत्र', 'नरफूल', 'मादीफूल' अशी नावे दाखवतात. आकृती तिच्यावर लिहिलेल्या नावांपुरती बरोबर असते आणि त्यापलीकडे तिला काहीही विचारा, उत्तर मिळत नाही. सहपत्र गुंडाळते का? टोक कसे? आतून रंग कसा? आकृती गप्प. परीक्षेला हे पुरते हे मान्य. पण ज्या मुलांच्या घरामागे केळी निसवते त्यांनाही आपण तीच आकृती उतरवायला लावतो, हे मला पटत नाही.

काही वर्षांपूर्वी धुळ्याला शिक्षकांच्या एका शिबिरात शिरपूरकडून आणलेले केळफूल टेबलावर ठेवून मी वीसएक जणांना ते काढायला सांगितले. बहुतेकांनी समोरच्या केळफुलाकडे एकदा पाहिले आणि पुस्तकातली कळी काढली. एका बाईंनी मात्र एकच पाती तोडून घेतली, तिच्या दोन्ही बाजू काढल्या आणि आतला रंग बुडाकडे कसा फिका पडतो ते खडूने दाखवले. चित्र म्हणून ते बेढब होते. मग मी सिमंड्स-शेफर्ड यांच्या यादीतले चार प्रश्न विचारले, तेव्हा तीन प्रश्नांची उत्तरे फक्त त्या एका कागदावर सापडली. नंतर आम्ही कोवळे केळे आडवे-उभे कापून भिंगाखाली काळे ठिपके पाहिले. खाताना दिसणारे ते ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडे, कप्प्यात दोन सरळ ओळींत. बाजारात राजेळी मिळाली तर तिचा काप शेजारी ठेवून वर्गात तुलना करता येईल.

एका शिक्षकांनी तक्रार केली की आमच्या गावात केळी नाहीत, कापूस आहे. तक्रार रास्त होती आणि कापूस तर आणखी सोयीचा निघाला. कपाशीच्या फुलाखाली तीन मोठी सहपत्रे असतात. देशी 'गॉसिपियम अर्बोरियम' कपाशीत त्यांची कड जवळजवळ अखंड असते, किंवा टोकाजवळ तीन-चार दाते. अमेरिकन 'हिर्सुटम' कपाशीत, आजची बहुतेक बीटी कपाशी हीच, कड खोल चिरलेली आणि दाते लांब असतात. देशीत गुणसूत्रे २६, अमेरिकनमध्ये ५२. कारण अमेरिकन कपाशी दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीच्या एका संकरातून आली आहे, आणि त्या संकरातला एक पूर्वज आपल्या देशी कपाशीच्याच गोत्यातला. बांधावरून एक-एक फूल आणून सहपत्राची कड काढली की हा इतिहास मुलांच्या वहीत येतो.

सिमंड्स-शेफर्ड यांची रीत आता अपुरी ठरली आहे हेही सांगितले पाहिजे. अक्युमिनाटाचा जनुकसंच २०१२ मध्ये आणि बाल्बिसियानाचा २०१९ मध्ये वाचला गेला. त्यानंतरच्या अभ्यासांत दिसले की 'एएए' हे सूत्र फार ढोबळ आहे. त्या प्रत्येक 'ए'मध्ये अक्युमिनाटाच्या अनेक उपजातींचे तुकडे मिसळले आहेत, आणि काही तुकडे अशा पूर्वजांचे आहेत जे रानात अद्याप कोणाला सापडलेले नाहीत. ते सापडतील तेव्हा प्रथम कोणाच्या तरी डोळ्यांनाच दिसतील, आणि ते ओळखता यावे म्हणून कोणीतरी त्यांच्या सहपत्राचे टोक नीट काढलेले असावे लागेल.

गेल्या कांदेबागेच्या हंगामात गावी गेले होते. शाळेचे कुंपण आता सिमेंटचे आहे आणि पलीकडची बाग ग्रँड नैनची. शेवटची फणी सुटली की केळफूल विळ्याने कापून टाकतात, त्यामुळे घडाखालचा दांडा वीतभर आणि स्वच्छ. सातवीत रबराने पुसून तयार केलेले माझे चित्र आज त्या बागेशी बरोबर जुळते. आमच्या परसात आईने बसराईचे एक जुने बेट ठेवले आहे. त्याच्या दांड्यावर वाळकी फुले होती. दुपारभर बसून ती काढली. आई म्हणाली, 'ते कशाला काढतेस, कचराच तो.'